घरच्या मालासाठी स्वतःचं वेब पान: काय आधी, काय नंतर

नागपुरात घरून धंदा करणारे बरेच जण हल्ली स्वतःची वेबसाइट स्वतःच लिहायला घेतात. कोणाचा महालातला मसाला असतो, कोणी गांधीबागेतून कापड आणून ड्रेस शिवतं, कोणाच्या काटोलकडच्या बागेतल्या संत्र्यांच्या पेट्या असतात. कोडिंग तसं अवघड नाही, तरी बहुतेक जण अडतात, कारण कामाचा क्रम उलटा लागतो. आधी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घेतलं जातं, मग बर्डीवरच्या एखाद्या क्लासला नाव घातलं जातं, तिथे लवकरच जावास्क्रिप्ट सुरू होते, आणि त्यात डोकं गरगरलं की सगळंच बंद पडतं. वर्षभराने डोमेनच्या नूतनीकरणाचा मेसेज येतो तेव्हा साइटवर एक अक्षरही नसतं.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. शेवटी तुमच्याकडे एक साधं पान असेल. ते मोबाइलवर नीट उघडेल, माल आणि भाव दाखवेल आणि एका बटणावर व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेईल. रोज तासभर नेमाने बसलात तर महिन्याभराच्या आत होणारं काम आहे.

सबंध लेखात उदाहरण एकच धरतो: घरी सावजी मसाला, मुगवड्या आणि उन्हाळ्यात कुरड्या-पापड करून विकणारी एक ताई. तुमचा माल दुसरा असेल तर तिच्या जागी तो ठेवा. टॅगची (पानाचे भाग ब्राउझरला सांगणाऱ्या कोडमधल्या खुणांची) आणि फाइलींची नावं इथे मराठी लिपीत लिहिली आहेत. तुमच्या फाइलमध्ये मात्र टॅग, फाइलींची नावं आणि कोडमधले आकडे इंग्रजीतच टंकायचे, तेही लहान लिपीत, म्हणजे स्मॉल अक्षरांत.

## टप्पा १: आधी कागद

लॅपटॉप बंद ठेवा. कोऱ्या कागदावर उभा आयत काढा, तो मोबाइलचा पडदा समजा. बोटाने वर न सरकवता जे दिसेल त्यात चारच गोष्टी हव्यात: दुकानाचं नाव, काय विकता, कुठे पोचवता आणि ऑर्डरचं बटण. "आमच्याबद्दल" हा भाग लोक हौसेने वर ठेवतात. तो खाली न्या.

त्याखाली मालाची यादी येईल. प्रत्येक वस्तूचं नाव, वजन, भाव, त्यात काय काय आहे आणि किती दिवस टिकते, हे सगळं लिहून काढा. इथे पुष्कळांना कळतं की आपले भावच अजून ठरलेले नाहीत. ते आत्ता ठरवा.

मग व्हॉट्सॲप उघडा आणि मागच्या काही महिन्यांत गिऱ्हाइकांनी काय काय विचारलं ते वाचा. "तिखट किती आहे?" "हिंगण्याला आणून देता का?" "एका पाकिटात किती मटण होतं?" तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. "घरगुती, शुद्ध, चविष्ट" या तीन शब्दांपेक्षा "२०० ग्रॅमच्या पाकिटात किती किलो मटण होतं" ही एक ओळ जास्त माल विकते. ही उत्तरं म्हणजेच तुमच्या पानाचा मजकूर. तो लोकांनी विचारलाय त्याच शब्दांत लिहा.

कागदपत्रांचंही आत्ताच बघा. खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर हवा आणि पानाच्या तळालाही द्या. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत आणि बनवल्याचा महिना-वर्ष लागतं.

सावध: छिंदवाडा, सिवनी आपल्याला शेजारची गावं वाटतात, पण ती मध्य प्रदेशात आहेत. मसाल्यासारखा करपात्र माल स्वतःच्या साइटवरून परराज्यात विकलात तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. ती होईपर्यंत पानावर "सध्या फक्त महाराष्ट्रात पाठवतो" असं स्पष्ट लिहा आणि सीएला एकदा विचारून घ्या.

तपासा: तुमचा धंदा माहीत नसलेल्या माणसाच्या हातात कागद द्या. काय मिळतं, केवढ्याला आणि मागवायचं कसं, हे त्याला कुठेही न अडखळता सांगता आलं तरच पुढे जा.

## टप्पा २: लॅपटॉपची तयारी

जुना लॅपटॉप चालतो. मोबाइलवर कोडिंग शिकण्याचा नाद मात्र सोडा, कंस आणि अवतरण चिन्हं शोधण्यातच वेळ जातो. व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर फुकट मिळतो, तो घाला. वर्ड वापरू नका. ब्राउझर म्हणून क्रोम किंवा फायरफॉक्स पुरे.

त्यानंतर चार गोष्टी कराव्या लागतात. कंटाळवाण्या आहेत, पण पुढची निम्मी डोकेदुखी यांनीच वाचते.

विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. फाइल एक्स्प्लोररच्या "व्ह्यू" मेन्यूत जाऊन "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" वर खूण करा. हे न केल्यामुळे "इंडेक्स डॉट एचटीएमएल" म्हणून ठेवलेली फाइल प्रत्यक्षात "इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी" असते आणि माणूस सांगत राहतो, "पान उघडूनच नाही राहिलं, नुसतं कोड दिसून राहिलं."

डॉक्युमेंट्समध्ये साइटसाठी एक फोल्डर करा आणि त्याच्या आत फोटोंसाठी "इमेजेस" नावाचं दुसरं. सगळं काही याच्या आतच राहील. डेस्कटॉपवर एक फाइल, डाउनलोडमध्ये फोटो, असं विखुरलेलं चालत नाही.

फाइलींच्या नावांत मोकळी जागा नको, मराठी अक्षर नको, मोठी लिपी नको. दोन शब्द जोडायचे तर मध्ये आडवी छोटी रेघ.

विंडोजमध्येच मराठी कीबोर्ड असतो. भाषेच्या सेटिंगमधून तो चालू केला की विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलते. कोड लिहिताना सारखी भाषा बदलत राहिलात तर टॅगमध्ये मराठी अक्षर घुसतंच. म्हणून कागदावरचा सगळा मराठी मजकूर आधी एका वेगळ्या फाइलमध्ये टंकून ठेवा आणि लागेल तसा उचला.

सावध: जुन्या पत्रकाची फाइल डीटीपीवाल्याकडे असते, आणि ती बहुतेक श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये केलेली असते. तिथला मजकूर कॉपी केलात तर पानावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसेल. दुसरा फॉन्ट लावून तो सुधारत नाही. युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर दिसणाऱ्या मराठीत) रूपांतर करून घ्या, किंवा मजकूर थोडा असेल तर सरळ पुन्हा टंका. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, तेवढे शब्द डोळ्यांखालून घाला.

## टप्पा ३: पानाचा सांगाडा

आता एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा लिहायची भाषा. शिकायला एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या दोन जागा फुकट आहेत आणि चांगल्या आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात काही धडे मराठीतही मिळतात. एकच जागा निवडा. तीन ठिकाणचे व्हिडिओ एकदम पाहणाऱ्याचं पान कधी पुरं होत नाही.

फोल्डरमध्ये "इंडेक्स डॉट एचटीएमएल" ही फाइल करा आणि या क्रमाने लिहा:

१. सगळ्यात वर डॉकटाइपची ओळ.
२. एचटीएमएल टॅग, त्यात लँग या गुणधर्मात "एमआर", म्हणजे मराठी. याने ब्राउझरला आणि अंधांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला भाषा कळते.
३. हेड टॅग. त्यात पहिली ओळ कॅरेक्टर सेटची, किंमत यूटीएफ-८. मराठी अक्षरांसाठी ही ओळ हवीच.
४. हेडमध्येच व्ह्यूपोर्टची मेटा ओळ. ही नसेल तर मोबाइल पान लॅपटॉपच्या रुंदीने उघडतो आणि अक्षरं मुंगीएवढी दिसतात.
५. टायटल. इथे "होम" लिहू नका. "सावजी मसाला आणि मुगवड्या, नागपूर" असं लिहा, कारण गुगलवर शोधणाऱ्याला बहुधा हीच ओळ दिसते.
६. हेड बंद. बॉडी सुरू.
७. एच-वन मध्ये दुकानाचं नाव. एका पानावर एच-वन एकच ठेवा.
८. प्रत्येक वस्तूसाठी एच-टू, त्याखाली पी टॅगमध्ये माहिती, आणि वजन-भावाची यादी यूएल आणि एलआय मध्ये.
९. तळाला फूटर: नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक.

प्रत्येक ओळ हाताने टंका. कोड नकलून आणि चिकटवून पान लवकर तयार होतं, पण महिन्याने भाव बदलायची वेळ आली की कुठे हात घालायचा ते कळत नाही.

नियम मोजकेच आहेत. टॅग टोकदार कंसात येतो. मेटा, लिंक, आयएमजी असे काही सोडले तर उघडलेला टॅग बंद करायचा, आणि बंद करताना नावाआधी तिरकी रेघ द्यायची. शेवटी उघडलेला टॅग आधी बंद होतो. गुणधर्माची किंमत सरळ अवतरण चिन्हांत जाते.

सरळ चिन्हांवर मुद्दाम थांबतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. मित्राने व्हॉट्सॲपवर किंवा वर्डच्या फाइलमध्ये कोड पाठवला की त्यातली अवतरण चिन्हं बरेचदा वळलेली होऊन येतात, छापील पुस्तकात असतात तशी. डोळ्यांना फरक जाणवत नाही. ब्राउझर मात्र त्यांना अवतरण चिन्ह मानतच नाही, आणि फोटो किंवा लिंक चालत नाही. उलट, एखादं बंद करायचं चिन्ह राहून गेलं तर त्या जागेपासून पुढचं अर्धं पानच गायब होतं. पान मध्येच तुटलेलं दिसलं तर तुटल्या जागेच्या एक-दोन ओळी वर जा. चूक तिथे असते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे फाइल सेव्ह न करता ब्राउझर ताजा करत बसणं. एडिटरमध्ये फाइलच्या नावाशेजारी गोल ठिपका असेल तर ती सेव्ह झालेली नाही. "फाइल" मेन्यूत "ऑटो सेव्ह" आहे, ते चालू करून टाका.

तपासा: डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरवर, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साइटवर, फाइल टाका. वीस चुका दाखवल्या तरी घाबरू नका. पहिली दुरुस्त करा आणि पुन्हा टाका, तिच्यामुळे उपजलेल्या बाकीच्या पुष्कळदा आपोआप जातात. दुसऱ्या दिवशी कोरी फाइल उघडून हाच सांगाडा न बघता लिहा. जमलं की पुढे.

## टप्पा ४: फोटो

फोटो दिवसा, खिडकीशी, साध्या एकरंगी कापडावर काढा. पिवळ्या दिव्याखाली काढलेला सावजी मसाला तपकिरी मातीसारखा दिसतो. एक फोटो पाकिटाचा आणि एक वाटीत काढलेल्या मालाचा, एवढे पुरतात.

मोबाइलचा फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. असे आठ फोटो टाकले तर गिऱ्हाइकाचा डेटा जातो आणि पान उघडेपर्यंत गिऱ्हाइकच निघून जातं. स्क्वूश हे गुगलचं फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं. त्यात रुंदी १००० पिक्सेलपर्यंत आणा आणि वेबपी प्रकारात ठेवा. दीडशे-दोनशे केबीच्या आत फोटो आला पाहिजे.

फोटोच्या आयएमजी टॅगमध्ये चार गोष्टी लिहा: फोटोचा पत्ता, रुंदी, उंची आणि ऑल्ट मजकूर (फोटो दिसला नाही तर त्याऐवजी येणारे शब्द). रुंदी-उंची दिली की फोटो येण्याआधी जागा राखली जाते, नाहीतर फोटो उतरताना मजकूर उड्या मारतो आणि माणसाचं बोट भलत्याच बटणावर पडतं. ऑल्टमध्ये "फोटो १" लिहू नका, "वाटीत काढलेला सावजी मसाला" असं लिहा.

आता पत्ता. फोटो "इमेजेस" फोल्डरमध्ये आहे, तर पत्ता फक्त "इमेजेस, तिरकी रेघ, फाइलचं नाव" एवढाच. काही जण एक्स्प्लोररमधून सी ड्राइव्हपासूनचा अख्खा पत्ता चिकटवतात. त्यांच्या लॅपटॉपवर फोटो दिसतो, जगात दुसऱ्या कुठेही दिसत नाही.

सावध: कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलचं शेपूट कधी मोठ्या लिपीत असतं आणि तुम्ही कोडमध्ये लहान लिपीत लिहिता. विंडोज हा फरक मानत नाही, म्हणून घरी सगळं झकास दिसतं. साइटचा सर्व्हर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते तो संगणक, बहुधा लिनक्सवर असतो आणि तो फरक मानतो. साइट चढवली की नेमके तेवढे फोटो फुटतात. म्हणूनच मघाशी सगळी नावं लहान लिपीत ठेवा म्हटलं.

## टप्पा ५: रूप

सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा, वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि हेडमधून लिंक टॅगने जोडा. शिकायचं थोडंच आहे: रंग, फॉन्ट, आतलं-बाहेरचं अंतर, कमाल रुंदी आणि फ्लेक्सबॉक्स (पानावरचे भाग शेजारी-शेजारी मांडायची पद्धत). सरकत्या फोटोंच्या माळा, हलती अक्षरं, बर्फ पडतानाचा देखावा यात वेळ घालवू नका.

मराठी पानासाठी काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात आणि इंग्रजी व्हिडिओ त्या सांगत नाहीत. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. त्यामुळे ओळीची उंची अक्षराच्या १.६ ते १.८ पट ठेवावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर वाढवणारा लेटर-स्पेसिंग हा गुणधर्म वापरूच नका, शिरोरेघ तुटते आणि शब्द विसकटतो. मजकूर १८ पिक्सेलच्या खाली नेऊ नका. फॉन्ट गुगल फॉन्ट्समधून "मुक्ता" किंवा "नोटो सॅन्स देवनागरी" घ्या, पण साधी आणि ठळक अशा दोनच जाडी निवडा. प्रत्येक जाडी म्हणजे गिऱ्हाइकाच्या डेटावर आणखी भार.

रंगाबद्दलही एक सांगणं आहे. नागपूर म्हणून पट्टा नारिंगी आणि त्यावर पांढरी अक्षरं, हा मोह सगळ्यांना होतो. एप्रिल-मेच्या उन्हात रस्त्यावर उभं राहून मोबाइलवर ती अक्षरं वाचून बघा. नारिंगी ठेवायचा तर अक्षरं गडद ठेवा.

सगळ्या फोटोंना कमाल रुंदी १०० टक्के आणि उंची "ऑटो" द्या, म्हणजे पान आडवं सरकणार नाही. बटण बोटाएवढं, निदान ४८ पिक्सेल उंच.

सीएसएस लागूच झालं नाही तर हे क्रमाने पाहा: फाइलचं नाव जुळतंय का, महिरपी कंस बंद आहे का, ओळीच्या शेवटी अर्धविराम आहे का. तिन्ही ठीक असतील तर कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबा, ब्राउझर जुनीच प्रत दाखवत असेल.

## टप्पा ६: ऑर्डरचं बटण

नवशिके इथे नाव, पत्ता, नग अशा रकान्यांचा सुरेख फॉर्म बनवतात, "पाठवा" बटण लावतात आणि ऑर्डरची वाट बघतात. नुसत्या एचटीएमएलचा फॉर्म माहिती कुठेही पोचवत नाही. त्यामागे ती घेणारा सर्व्हर लागतो. गिऱ्हाइकाला वाटतं ऑर्डर गेली, तुम्हाला काहीच कळत नाही, आणि माणूस कायमचा तुटतो. म्हणून सुरुवातीला फॉर्म नको. व्हॉट्सॲपची लिंक लावा.

अँकर टॅगमध्ये (लिंक लावणाऱ्या ए टॅगमध्ये) पत्ता असा जातो: एचटीटीपीएस, कोलन, दोन तिरक्या रेघा, मग डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, मग ९१ आणि लगेच तुमचा दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह नाही, सुरुवातीचं शून्य नाही, मध्ये रेघ किंवा मोकळी जागा नाही. त्यानंतर प्रश्नचिन्ह, टेक्स्ट हा शब्द, बरोबरचं चिन्ह आणि तयार मेसेज. उदाहरणार्थ: "नमस्कार, मला सावजी मसाला हवा आहे. वजन: … पत्ता आणि पिनकोड: …"

मेसेजमधल्या मोकळ्या जागा आणि मराठी अक्षरं लिंकमध्ये सांकेतिक रूपात जावी लागतात. हाताने करायची गरज नाही. नुसता मेसेज एखाद्या ऑनलाइन "यूआरएल एन्कोडर" मध्ये टाका, मिळालेलं रूप कॉपी करून कोडमध्ये बरोबरच्या चिन्हापुढे चिकटवा, आणि टक्क्यांच्या चिन्हांची रांग आलीय का ते पाहा. मेसेजमध्ये "आणि" साठी इंग्रजी अँपरसँडचं चिन्ह सांकेतिक रूप न देता तसंच ठेवलंत तर तिथून पुढचा मेसेज कापला जातो.

प्रत्येक वस्तूखाली तिच्या नावाचा वेगळा मेसेज असलेलं बटण द्या. शेजारी फोन लावायची साधी लिंकही ठेवा, वयस्कर गिऱ्हाइकं बोलूनच ऑर्डर देतात. धंद्यासाठी वेगळा नंबर आणि व्हॉट्सॲप बिझनेस ॲप घेतलंत तर घरचे मेसेज त्यात मिसळत नाहीत.

तपासा: तुमचा नंबर सेव्ह नसलेल्या दुसऱ्याच्या मोबाइलवरून बटण दाबा. चॅट उघडून मेसेज पुरता लिहिलेला दिसला पाहिजे.

## टप्पा ७: साइट चढवणं

सरावासाठी गिटहब पेजेस फुकट आहे, तिथे चढवून बघा. पण त्यांच्या अटींनुसार ऑनलाइन धंद्याची साइट तिथे चालवता येत नाही. खऱ्या विक्रीसाठी क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा पैसे भरून घेतलेली साधी शेअर्ड होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) बघा आणि अटी वाचून घ्या. होस्टिंगवाला सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागत असेल तर लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं हे लक्षात ठेवा.

आता डोमेन घ्या, आधी नाही. नाव फोनवर एकदा सांगून समोरच्याला टंकता आलं पाहिजे. "सावजी" इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, त्यामुळे नाव ऐकवून चार जणांना लिहायला लावा. किंमत बघताना पहिल्या वर्षाची सवलत बघू नका, नूतनीकरणाचा भाव बघा.

सावध: डोमेन तुमच्याच नावाने, तुमच्याच ईमेलवर आणि तुमच्याच मोबाइलवर नोंदवा. भाच्याने किंवा ओळखीच्या डेव्हलपरने "मी करून देतो" म्हणून स्वतःच्या खात्यात घेतलं तर पुढे तो नोकरीला पुण्याला गेला, फोन बदलला, की तुमच्या दुकानाचं नाव तुमच्या हातात राहत नाही.

डोमेन होस्टिंगला जोडल्यावर साइट दिसायला काही मिनिटं लागतात, कधी एक-दोन दिवसही. तेवढ्यात घाबरून सेटिंग पुन्हा पुन्हा बदलू नका.

तपासा: वायफाय बंद करून, साध्या अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावर पान उघडा. प्रत्येक फोटो आणि प्रत्येक बटण बघा.

## टप्पा ८: पैसे घेणं

पहिल्या ऑर्डरी यूपीआयवर घ्या. बँकेचा किंवा ॲपचा क्यूआर फोटो म्हणून पानावर ठेवता येतो, खाली यूपीआय आयडी अक्षरांतही लिहा. जो मोबाइलवरच पान बघतोय त्याला तोच पडदा स्कॅन करता येत नाही.

पैसे आले का हे फक्त स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये बघा. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर माल सोडू नका, तो बनवता येतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. "पैसे पाठवलेत, पिन टाकून स्वीकारा" असं कोणी म्हटलं की फोन ठेवा.

रोज बऱ्याच ऑर्डरी येऊ लागल्या की मग पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवरच पैसे घेऊन देणारी सेवा. गेटवेवाले साइटवर संपर्क, परतावा, माल पाठवण्याचे नियम आणि गोपनीयता ही पानं आहेत का ते बघतात. ही पानं दुसऱ्याच्या साइटवरून उचलू नका. मसाल्याचं पाकीट फोडल्यावर परत घेणार की नाही, कुरड्या वाटेत मोडल्या तर काय, हे तुम्हालाच ठरवायचं आहे. गेटवे एक गुप्त किल्ली देतो. ती एचटीएमएल किंवा जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये लिहिलीत तर पानाचा कोड उघडणाऱ्या कोणालाही दिसते. हे काम जाणकाराकडून सर्व्हरवर करून घ्या.

## टप्पा ९: जावास्क्रिप्ट आता

पान चालतंय, ऑर्डर येतेय, मग जावास्क्रिप्ट शिका. पहिला धडा म्हणून नग निवडला की एकूण रक्कम दाखवा. त्यात दोन खड्डे आहेत. रकान्यातून येणारी किंमत आकडा नसते, मजकूर असतो, म्हणून दोन आणि तीनची बेरीज तेवीस येते. आधी तिचं आकड्यात रूपांतर करा. आणि मराठी कीबोर्डवरून कोणी देवनागरी २ टंकला तर जावास्क्रिप्टला तो आकडा वाटतच नाही. टंकायला न लावता यादीतून नग निवडू द्या, प्रश्नच मिटतो.

## टप्पा १०: चढवल्यानंतर

गुगल सर्च कन्सोलमध्ये (साइट गुगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या साधनात) साइट नोंदवा आणि गुगल बिझनेस प्रोफाइल बनवा. घरून धंदा असेल आणि गिऱ्हाइकं घरी यायला नको असतील, तर प्रोफाइलवर पत्ता न दाखवता सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो.

होस्टिंग, डोमेन आणि ईमेल या तिन्ही खात्यांना दोन पायऱ्यांची पडताळणी लावा. साइटचं फोल्डर महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर उतरवा. डोमेनची मुदत घरच्या कॅलेंडरवर लिहा, कारण तिचे ईमेल जाहिरातींच्या ढिगात हरवतात.

मिरचीचा भाव चढला की मसाल्याचा भाव बदलतो, पण पानावर जुनाच राहतो आणि गिऱ्हाइकाशी वाद होतो. भावांच्या यादीखाली "हे भाव अमुक तारखेपासून" अशी ओळ घाला. भाव बदलताना ती तारीख, पानावरचा आकडा आणि पाकिटावरची किंमत तिन्ही एकाच बैठकीत बदला, आणि लगेच मोबाइलवर पान उघडून नवा आकडा दिसतोय ना ते बघा.